एकोणिसावा अध्याय

किशन मुकादमाने दोनदा नाव पुकारलं तरी रेवणप्पाने ओ दिली नाही. तो काही लांब नव्हता. मुकादमापासून चार हातांवर, घणाच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून उभा होता. डोळे टक्क उघडे होते आणि नजर समोरच्या खडीच्या ढिगावर होती. पण माणूस ठिकाणावर नव्हता.

"अवो पोथीवाले, हाव का गेलाव कैलासाला?" मुकादम तिसऱ्यांदा ओरडला.

बाया हसल्या. रेवणप्पाची बायको महानंदा हसली नाही. तिने हातातली रिकामी पाटी नवऱ्याच्या पोटरीला लावली, तेव्हा कुठं तो दचकून "हाय, हाय" म्हणाला.

"नुसतं हाय म्हनून भागत न्हाई. ध्यान पाह्यजे," मुकादम म्हणाला. पंचविशीतलं पोरगं ते, निलंग्याहून सायकलवर येणारं. रेवणप्पा पंचावन्न वर्षांचा. गावात त्याच्याशी असं कुणी बोलत नसे, कारण वीस वर्षं श्रावणात मठातली पोथी तोच वाचत आला होता. पण खडीवर सगळे सारखेच. त्याने मान खाली घातली आणि घण उचलला.

लातूर जिल्हा होऊन वर्ष होत आलं होतं. जिल्हा आला, पाऊस काही आला नाही. श्रावण अर्धा सरला तरी रानात हिरवं म्हणून काही नव्हतं. पेरलेलं बी चिमण्यांनी उकरून खाल्लं होतं. रोजगार हमीवर रस्त्याचं काम निघालं आणि अख्खं गाव दगडाला लागलं. पुरुषांनी घणाने धोंडे फोडायचे, बायांनी बसून हातोडीने त्याची खडी करायची. हातोडी बोटांवर बसते म्हणून बायांनी सायकलच्या फाटक्या ट्यूबच्या पट्ट्या बोटांना गुंडाळलेल्या असत. संध्याकाळी त्या सोडल्या की आतली बोटं पांढरी आणि सुरकुतलेली निघत.

महानंदाच्या शेजारी लक्ष्मम्मा बसायची. ही रेवणप्पाच्या मयत थोरल्या भावाची बायको. एकाच घरात, एकाच चुलीवर तिघांचं चाललेलं. चौथा होता लक्ष्मम्माचा एकुलता एक लेक, सिद्धलिंग. तो चैत्रात लातूरला गेला तो गेलाच. चार महिने झाले, चिठ्ठी नाही की चपाटी नाही. स्टँडवरच्या चहावाल्याने त्याला लातूरच्या गाडीत बसताना पाहिला होता, तेवढाच काय तो पत्ता. गावचं कुणी लातूरला गेलं की लक्ष्मम्मा मागे लागून सांगायची, बघा बाबा कुठं दिसतो का. माणसं जायची, आपलं काम करायची आणि परत येऊन म्हणायची, वैनी, लातूर का आपलं गाव हाय का?

हे सगळं खरं. पण त्यातली एक गोष्ट फक्त रेवणप्पाला माहीत होती, आणि ती त्याने घशाखाली दाबून ठेवली होती.

सिद्धलिंग न सांगता गेला नव्हता. तो काकाला सांगून गेला होता. कुठं, कुणाकडे, कसल्या कामाला, सगळं सांगितलं होतं. त्या दिवशी सकाळी घरचा बैल पाखऱ्या चाऱ्याच्या छावणीला नेण्यासाठी टेंपो आला होता आणि पाखऱ्या फळीवर पाय ठेवायला तयार नव्हता. रेवणप्पा कासरा धरून त्याला चुचकारत होता. मागे उभा राहून पोरगा बोलत होता आणि रेवणप्पा "हूं, हूं" म्हणत होता. पोरगा वाकून पाया पडला तेव्हाही त्याने हूंच म्हटलं. संध्याकाळी लक्ष्मम्माने विचारलं, पोरगं कुठं गेलं? तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की आपल्याला सांगितलंय, पण आपण त्यातला एक शब्दही ऐकलेला नाही.

पहिल्या दिवशी वाटलं, येईल रात्रीपर्यंत. तिसऱ्या दिवशी वाटलं, आता सांगितलं तर वैनी काय म्हणेल? महिना गेल्यावर सांगण्यासारखं तोंडच उरलं नाही.

मठातल्या पोथीचे एकवीस अध्याय. श्रावणात एकवीस दिवस, रोज दिवेलागणीला एक. गल्लीच्या क्रमाने प्रत्येक अध्याय एकेका घराचा असायचा. त्या दिवशी त्या घराने नारळ आणायचा, तेल घालायचं आणि घरातल्या एकाने वाचणाऱ्याच्या पुढ्यात बसून दर ओवीला "हूं" म्हणायचं. हूं नसेल तर अध्याय त्या घराला लागत नाही, असा गावाचा नेम. आणि एखादा अध्याय चुकला, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

यंदा रेवणप्पाच्या घराच्या वाट्याला एकोणिसावा आला. परदेशी गेलेला लेक बारा वर्षांनी आईच्या दारात उभा राहतो, तो अध्याय. पाळी कळली त्या दिवशी लक्ष्मम्मा उभ्याउभ्याच खाली बसली.

"भावजी, आपल्याला बरोबर त्योच कसा आला बगा," ती म्हणाली. "हूं म्याच देनार. महानंदा, तू मागं बस."

"बसते की," महानंदा म्हणाली. "मागं टेकायला भिताड तरी मिळंल."

त्या दिवशी खडीवरून सुटता सुटता उशीर झाला. ओंजळभर पाण्यात तोंड धुऊन, कपाळाला विभूती लावून रेवणप्पा मठात आला. तीसेक माणसं होती. समईची वात बारीक केलेली. लक्ष्मम्मा समोर मांडी घालून बसली होती, मांडीवर नारळ, डोळे मिटलेले. रेवणप्पाने दोरा बांधलेला चष्मा कानावर चढवला, खुणेला ठेवलेलं वाळलेलं बेलाचं पान बाजूला केलं आणि सुरुवात केली.

पहिली ओवी आपसूक तोंडातून निघाली. मग जीभ आपल्या वाटेने चालू लागली आणि मन आपल्या वाटेने. वीस वर्षांची सवय होती, जिभेला सोबत कुणी लागत नव्हतं. मन गेलं ते थेट टेंपोजवळ. पाखऱ्याचा पुढचा डावा पाय फळीवर, खूर घसरतोय. मागून पोराचा आवाज येतोय. काय म्हणतोय? रेवणप्पाने कान दिला. आवाज होता, शब्द नव्हते. पुढ्यातून "हूं" यायचं, तो पुढची ओवी म्हणायचा, आणि पुन्हा टेंपोजवळ जायचा. खूर, फळी, धूळ. बाजूला तीस माणसं दिवसभराच्या दगडाने आंबून गेलेली, कुणाची मान खांबाला, कुणाची छातीवर.

अध्याय संपला. सगळ्यांनी हात जोडले. लक्ष्मम्माने नारळ पुढे ठेवला आणि पोथीवर डोकं टेकवलं. तिचे गाल ओले होते.

माणसं पांगल्यावर पोथी बांधताना रेवणप्पाचं लक्ष पानाच्या शेवटच्या ओळीवर गेलं. अठरावा अध्याय संपूर्ण, असं तिथं लिहिलं होतं. त्याने चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. काल खूण ठेवताना बेलाचं पान अध्यायाच्या शेवटाऐवजी सुरुवातीला ठेवलं गेलं होतं. त्याने कालचाच अध्याय आज पुन्हा वाचला होता. कुंभाराच्या भट्टीचा. लेकाचं त्यात नावही नव्हतं. आणि शेवटी आपल्याच तोंडाने त्याने मोठ्यांदा म्हटलं असणार, अठरावा अध्याय संपूर्ण. तीस माणसांनी हात जोडले होते. एकानेही मान वर केली नव्हती.

सकाळी खडीवर जाण्याआधी तो मठात गेला. गुरुपादप्पा स्वामी समाप्तीच्या आंबिलीसाठी आलेल्या कण्या पायलीने मोजत होते. दर वर्षी समाप्तीला हुग्गी, म्हणजे गव्हाची गोड खीर, व्हायची. यंदा आंबील.

"स्वामी, काल म्या अठरावाच वाचला."

स्वामींचा हात थांबला. "किती जनांनी वळखलं?"

"कुनीच न्हाई."

"मी बी तिथंच बसलो हुतो की," स्वामी हळूच म्हणाले. "आंबिलीला सरपन कुठून आनू, ह्याच्यातच माझा जीव. ऐकतंय कोन?" मग थोडं थांबून म्हणाले, "पहिल्यापासनं धरायचं म्हनलं तर अजून एकवीस दिवस. उद्या लेकरं ताटल्या घेऊन दारात येतील, त्यांना काय सांगू? वाचला तो वाचला. आज विसावा धरा."

रेवणप्पाने विसावा धरला. दुसरं काय करणार?

स्वामींचं म्हणणं व्यवहाराला धरून होतं. पण घरात लक्ष्मम्माकडे बघवेना. एका दिवसात बाई पार बदलून गेली होती. चार महिने पाव भाकरीवर उठणारी बाई अर्धी भाकर खाऊ लागली. खडीवर बसल्या बसल्या कसलंसं जुनं गाणं नाकातल्या नाकात म्हणू लागली. "पोथी लागली यंदा," ती महानंदाला म्हणाली. "ऐकता ऐकता मला पोरगं दिसलं गं. सपष्ट."

एकविसाव्या दिवशी सकाळी रेवणप्पा उठला तर अंगणातल्या दोरीवर सिद्धलिंगचा सदरा वाळत होता. खाली मातीत ओल दिसत होती. टँकर दोन दिवसांआड यायचा, घराला दोन घागरी मिळायच्या. त्यातली अर्धी घागर लक्ष्मम्माने सदऱ्याला घातली होती.

"येताना त्याच्या अंगावर धडकं नसंल," ती म्हणाली.

महानंदा रिकाम्या घागरीत बघत राहिली. मग तिने नवऱ्याकडे बघितलं. त्याने मठातून पोथी आणली, भाकरीच्या फडक्यात गुंडाळली आणि कामावर निघाला.

दुपारच्या सुट्टीत माणसं जिथं सावली मिळेल तिथं आडवी झाली. लक्ष्मम्मा नेहमीसारखी लांबच्या बाभळीखाली बसली होती. महानंदा टँकर आल्याचं कळून घागरी घेऊन गावाकडे पळाली होती. रेवणप्पा वहिनीसमोर जाऊन उकिडवा बसला.

"वैनी, आपला अध्याय झाला न्हाई."

"कामून?"

"त्या दिशी म्या अठरावाच वाचला. कुंभाराचा. आदल्या दिशी झालेला."

लक्ष्मम्मा त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. "लेकाचा न्हाई?"

"न्हाई."

"म्या तर सारखी हूं म्हनत हुते."

"हाव. एकबी चुकली न्हाई तुमची."

तिने बोटावरची रबराची पट्टी सोडली, पुन्हा गुंडाळली. "खरं सांगू का भावजी? मला पोथी ऐकूच आली न्हाई. डोळे मिटले की पोराची पाठ दिसायची. मला वाटलं, पोथीतच चाललंय ते. कुंभार तर कुंभार." ती थकल्यासारखी हसली. "चूक दोघांची म्हना."

रेवणप्पाला इथं उठता आलं असतं. अर्धं ओझं उतरलं होतं, आणि तेही तिनेच उतरवलं होतं. पण दोरीवरचा सदरा त्याच्या डोळ्यांपुढून हलेना.

"दोघांची न्हाई," तो म्हणाला. "सिद्धलिंग मला सांगून गेला, वैनी. कुठं चाललोय, कुनाकडं चाललोय, समदं सांगितलं. म्या पाखऱ्याला चढवत हुतो. हूं हूं करत ऱ्हायलो. काई ऐकलं न्हाई."

वारा नव्हता. पलीकडे कुणीतरी झोपेत खोकत होतं.

"चार म्हैने," लक्ष्मम्मा म्हणाली.

"हाव."

"एका घरात ऱ्हाऊन. माझ्या हातची भाकर खाऊन."

लक्ष्मम्माने हातोडी उचलली आणि सुट्टी असून, कुणी सांगितलेलं नसून, ती दगड फोडू लागली. एक फोडला, दुसरा फोडला. तिसऱ्याची कपची उडून रेवणप्पाच्या नडगीला लागली. रक्त आलं. तो हलला नाही, आणि तिनेही बघितलं नाही. हात दमला तेव्हाच ती थांबली.

मग तिने हातोडी बाजूला ठेवली, पदर डोक्यावर सारखा केला आणि मठात बसायची तशी मांडी घातली. डोळे मात्र या वेळी उघडे होते.

"सांगा," ती म्हणाली. "पहिल्यापासनं सांगा. बैलापासनं."

"आठवत न्हाई म्हनूनच तर..."

"पोथी पाठ हाय नव्हं तुमाला? ही बी तशीच सांगा. म्या हूं देते."

रेवणप्पाने डोळ्यांवरचा घाम पुसला. "टेंपो आला," तो म्हणाला.

"हूं."

"फळी टाकली. पाखऱ्या मागं सरकायला लागला."

"हूं."

"म्या कासरा धरला. पोरगं मागं येऊन उभं ऱ्हायलं. 'काका' म्हनून हाक मारली."

"हूं."

"काका, म्या लातूरला चाललो म्हनला. पाखऱ्यानं डावा पाय टाकला, त्याचा खूर घसरला. तवर पोरगं म्हनलं, नवा जिल्हा झालाय, कचेऱ्या बांधून राहिलेत, काम लई हाय."

तो थांबला. कचेऱ्या. हे आता कुठून आलं? लक्ष्मम्माने त्याला थांबू दिलं नाही. "हूं," ती म्हणाली.

"म्या पाय धरून परत फळीवर ठेवला. पोरगं म्हनलं, उदगीरचा मिस्त्री हाय. व्यंकटराव मिस्त्री. त्याच्या हाताखाली." रेवणप्पा आता भरभर सांगू लागला. "धान्याच्या मोंढ्याच्या मागं पत्र्याच्या खोल्या हायत, तिथं समदे गडी ऱ्हातात म्हनला."

"हूं. मंग?"

"मंग पाखऱ्या चढला."

"पोरगं काय म्हनलं?"

रेवणप्पा खाली बघू लागला. आता सगळंच आठवत होतं, नको ते सुद्धा. "म्हनला, अव्वाला तुमी सांगा. म्या सांगितलं तर रडंल, जाऊ देनार न्हाई. मला लिवता येत न्हाई, तवा तुमीच अव्वाला घेऊन एकदा या. म्या वाट बघतो."

"आन् तुमी काय म्हनलाव?"

"हूं म्हनलो," रेवणप्पा म्हणाला.

लक्ष्मम्माने पदर तोंडात धरला. पोरगं चार महिने पत्र्याच्या खोलीच्या दारात बसून वाट बघत असेल, आणि आई का आली नाही म्हणून रुसलं असेल, हे दोघांनाही एकदमच दिसलं. रेवणप्पाला फार लाज वाटली. खडीवर नाव पुकारलं तेव्हा वाटली होती त्याहून किती तरी जास्त. तिच्या पायावर डोकं ठेवावं असं वाटलं, पण उन्हात आणि दमलेल्या अंगाने तेवढंही झालं नाही.

पदर सोडून लक्ष्मम्मा म्हणाली, "उद्या पहाटेच्या गाडीनं जाते."

"म्या येतो संगं."

"तुमी नगा." तिने नाक पुसलं. "तुमचं ध्यान ऱ्हात न्हाई. लातूर म्हनून निलंग्यालाच उतरताल. महानंदाला नेते."

"मोंढ्याच्या मागं," रेवणप्पा म्हणाला. "व्यंकटराव मिस्त्री."

"मला ठाव झालं. तुमी परत परत सांगू नगा." ती बाभळीच्या बुंध्याला टेकली. सावली तेवढ्यात बरीच सरकली होती आणि तिचे पाय उन्हात होते. ते तिने जवळ ओढून घेतले. "फडक्यात काय आनलंय ते कळतंय मला. काढा आता. माझा अध्याय वाचा."

"हितं?"

"मठात तरी कोन ऐकतंय?"

हात धुवायला पाणी नव्हतं. रेवणप्पाने धोतराला हात पुसले, पोथी कपाळाला लावली आणि एकोणिसावा अध्याय काढला. बोट ओळीवर ठेवून, प्रत्येक शब्दावर थांबत, पहिल्यांदाच वाचायला शिकलेल्या माणसासारखा तो वाचू लागला. लेक घरातून निघतो. आई दारात उभी राहते. "हूं." नदी येते, नावाडी येतो. "हूं." परक्या मुलखात लेकाला कुणी ओळखत नाही. "हूं."

दहाव्या ओवीला हूं उशिरा आलं. बाराव्याला नुसता श्वास आला. तेराव्याला काहीच आलं नाही.

रेवणप्पाने चष्म्यावरून पाहिलं. लक्ष्मम्माची मान कलली होती, तोंड थोडं उघडं, ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळलेले हात मांडीत उताणे पडलेले. चार महिन्यांत घरात कुणीही तिला अशी झोपलेली पाहिली नव्हती. तिला हाक मारायला त्याने तोंड उघडलं आणि मिटलं.

रस्त्याच्या कडेला शिट्टी वाजली. किशन मुकादम दुपारची हजेरी पुकारत ढिगाढिगाने पुढे येऊ लागला. माणसं कण्हत उठली.

"लक्ष्मम्मा सिद्रामप्पा."

"हाय," रेवणप्पाने पहिल्याच हाकेला ओ दिली. "हितं हाय. जरा निजलीय, घडीभर निजू द्या."

मुकादमाने मान उंच करून बाभळीखाली बघितलं. वहीत खूण केली.

"रेवणप्पा मलप्पा."

"म्या बी हाय."

मुकादम पुढच्या ढिगाकडे गेला. रेवणप्पाने बोट तेराव्या ओवीवरून हलवलं नव्हतं. ती त्याने पुन्हा वाचली, वहिनी जागी होणार नाही इतक्या हळू. वाचून थांबला. मग तिच्या वतीने आपणच "हूं" म्हणाला आणि चौदावी ओवी घेतली.